तोंडाळ काकूंची जाई

अमरावतीला आमच्या शेजारच्या काकूंना तोंड फार. मी गप्प दिसले की कंपाउंडच्या भिंतीवरून विचारायच्या, "काहून वं, तोंड आलं का?" आणि जाईची पानं माझ्या हातावर ठेवायच्या. "चावजो, पण गिळू नोको." पानं कडू लागत, पण मग तिखट खाता येई.

पुढे त्यांचं अकोल्याला लेकीकडे कायमचं जायचं ठरलं, घर विकलं. नव्या मालकाला जाई नको होती. काकूंनी तिची एक फांदी भिंतीवरून आमच्या अंगणात ओढली, मातीत दाबली, वर वीट ठेवली. "आत्ताच तोडू नोको. मुळं फुटेपर्यंत ते मायचंच पानी पेते."

जायच्या दिवशी त्यांनी वीट सरकवून माती उकरली. पांढरी मुळं दिसली तशा हसल्या.

"आता माय तोडली तरी चालते," म्हणाल्या, आणि कात्री माझ्या हातात दिली.