उमरावाचे नाशिककर शिष्य

चष्मा काढायचा, सदऱ्याच्या टोकाने पुसायचा, पुन्हा नाकावर चढवायचा आणि म्हणायचं, "माझा उमराव असता तर थांबला असता." आमच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या सरांना तुम्ही काहीही विचारा, उत्तर हेच. फक्त चहाच्या बाबतीत ते कधी थांबले नाहीत.

हा उमराव स्कॉटलंडचा, सातशे वर्षांपूर्वीचा. मी भूगोल शिकवायला लागलो तेव्हा सरांचा त्याच्यावरचा प्रबंध जोरात सुरू होता, आणि पुढे त्यांची बदली झाली तेव्हाही सुरूच होता. स्कॉटलंड त्यांनी पाहिलं नव्हतं. पावसाळ्यात इगतपुरीला धुकं उतरलं की एस.टी.च्या खिडकीतून बोट दाखवत, "डिट्टो असंच असणार हो!"

वर्गात शिवकाल सुरू केला तरी तास संपेपर्यंत सर स्कॉटलंडात पोचलेले असत. एकदा नामपूरच्या एका पोराने उठून अहिराणीत विचारलं, "सर, हाऊ उमराव पेपरमा येई का?"

"आयुष्यात येईल," सर म्हणाले. पोरांनी बाकं वाजवली.

आता या उमरावाचं कर्तृत्व ऐका. इंग्लंडचा राजा चालून आला तेव्हा याने गुडघे टेकून निष्ठेची शपथ घेतली. राजाची पाठ वळताच स्कॉटलंडच्या बंडवाल्यांपुढे तेच गुडघे टेकले. मोठ्या लढाईच्या दिवशी आपली माणसं घेऊन दुपारपर्यंत टेकडीवर उभा राहिला, आणि कोण पळतंय हे दिसल्यावर खाली उतरून पळणाऱ्यांच्या पाठीवर पराक्रम गाजवला. दोन्ही बाजूंनी त्याला जमिनी दिल्या. सर त्याला मुत्सद्दी म्हणत. स्टाफरूममध्ये आम्ही दुसरा शब्द वापरत असू.

"शेवटी झालं काय त्याचं?" मी एकदा विचारलं.

"अंथरुणावर मेला! त्या काळात उमरावाने अंथरुणावर मरणं ही केवढी कर्तबगारी, तुम्हा भूगोलवाल्यांना नाही कळायची."

सरांना प्राचार्य व्हायचं होतं. हे त्यांनी कधी लपवलं नाही. आमच्या शिक्षणसंस्थेत सभासद मतदान करतात आणि निवडून आलेलं पॅनेल प्राचार्य ठरवतं. म्हणून दर निवडणुकीला सर फुलबाजारातून जाडजूड हार आणून मतमोजणीच्या मंडपाबाहेर पिशवी सांभाळत उभे राहत. हार एकच, गळा नंतर ठरणार. असं करत नव्वदचं अख्खं दशक गेलं, पण खुर्ची काही मिळाली नाही.

मग ती निवडणूक आली. सरांची निवृत्ती जवळ आलेली, प्राचार्यांची खुर्ची रिकामी. पहिल्या फेऱ्यांत जुनं पॅनेल पुढे गेलं, ढोल वाजले, गुलाल उडाला. मी सरांचा दंड धरला. "सर, उमराव थांबला असता."

"त्याला रिटायरमेंट नव्हती," म्हणत ते गर्दीत घुसले. जुन्या अध्यक्षांना हार घातला, जीपवर चढले आणि समोरच्या पॅनेलला गद्दार म्हणून मोकळे झाले.

संध्याकाळी बागलाणकडच्या पेट्या उघडल्या आणि पारडं फिरलं. सर घरी गेले, अंघोळ केली, सदरा बदलला आणि नवा हार घेऊन नव्या अध्यक्षांपुढे हजर झाले. अध्यक्ष विंचूरकडचे, कांद्याच्या व्यापारात मुरलेले. त्यांनी मान पुढे केलीच नाही.

"सर, आमचा गुलाल तर अजून पोत्यातच हाय. तुमच्या कानामागं कुणाचा लागलाय?"

सगळा मंडप हसला. मीही पोट धरून हसलो. सर हार धरून तसेच उभे होते.

पुढच्याच महिन्यात त्यांची पार डोंगरातल्या सुरगाण्याच्या शाखेत बदली झाली. शनिवारी एस.टी.ने नाशिकला येत, सुजलेले पाय स्टाफरूमच्या खुर्चीवर पसरून बसत. प्रबंधाचं विचारलं की हवापाण्यावर बोलत. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत गेले. झोपेतच, अंथरुणावर.

संस्थेत त्यांची शोकसभा झालीच नाही. जुन्या पॅनेलला वाटलं नवे घेतील, कारण सर शेवटी हार घेऊन त्यांच्याकडे गेले होते. नव्यांना वाटलं जुने घेतील. इतकी वर्षं मला या माणसाची चीड यायची, पण त्या दिवशी फार वाईट वाटलं.

दहावं झाल्यावर त्यांच्या घरी गेलो. वहिनी मला पहिल्यापासून ओळखत होत्या, माझं जेवणखाण कितीदा त्यांच्याकडे झालेलं. त्यांनी पाणी दिलं, समोर बसल्या, पदर सारखा केला आणि हळूच विचारलं,

"भाऊजी, तुम्ही कोणत्या पॅनेलकडून आलात?"