मंगेशच्या नावापुढचा हिरवा ठिपका

कॉम्प्युटरला भूत लागत नाही, फार तर व्हायरस लागतो... असं मी गिऱ्हाइकांना हसत सांगायचो. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही 'आहे' म्हणवत नाही. पण हे मी भर दुपारी, पूर्ण शुद्धीत पाहिलंय.

२००७ साल. मालवण बाजारात माझा छोटा सायबर कॅफे होता. मावसभाऊ मंगेश तिथे चॅटिंगला यायचा आणि 'पासवर्ड लक्षात ठेवा' ही टिक तशीच ठेवून उठायचा. मी ओरडायचो, "अरे, कोणीही तुझ्या नावाने बसेल!"

"माज्या नावान बसान कोणाक काय गावतला?" तो हसायचा.

गणपतीनंतर देवबागला, खाडी समुद्राला मिळते तिथे, त्याची होडी उलटली. बाकीचे पोहून आले. मंगेश आला नाही... बॉडीही मिळाली नाही.

काही आठवड्यांनी त्याची बहीण सुजाता कॅफेत मेल बघायला बसली आणि किंचाळली. चॅटच्या यादीत मंगेशच्या नावापुढे हिरवा ठिपका – ऑनलाइन! तिने लिहिलं, 'दादा?' इंग्रजी अक्षरांत मालवणी उत्तर आलं – 'जितो आसंय. आयेक सांग. आणखी कोणाक बोला नको.'

मावशीने त्याचं दिवसकार्य थांबवलं. मासे विकायचं सोडून ती सुजाताला घेऊन माझ्याकडे येऊन बसू लागली. 'उद्या येतंय' असं आलं की ती घरी जाऊन त्याच्या आवडीचं बांगड्याचं तिखलं करायची. तो यायचा नाही. नंतर विचारायचा – 'आये रडली काय?'

तो प्रश्न मला खटकला. तेवढ्यात मागून दबलेलं हसू ऐकू आलं. मी उठून मागच्या केबिनचा पडदा सारला. आत मंगेशचाच मित्र रुपेश, तोंड दाबून हसत, मंगेशच्या नावाने टाइप करत होता.

त्याच्या कानाखाली वाजवली. जुना पासवर्ड काढून घेतला, तिथल्या तिथे बदलला. नवा कोणालाच सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॅफे बंद ठेवून रुपेशला मावशीसमोर बसवला. मंगेशच्या नावापुढे आता काही दिसत नाही, हे तिला दाखवायला एकच मशीन चालू होतं, त्यावर सुजाता बसली होती. "मावशे, माजा चुकला... गंमत केलंय," रुपेश रडत होता.

...आणि ठिपका हिरवा झाला.

रुपेशचे दोन्ही हात मावशीच्या पायांवर होते. स्क्रीनवर अक्षरं उमटली – 'माका हाक मारू नकात. तुमी हाक मारतास तेवा माका वर येवचा लागता... आणि परत बुडूचा लागता.'

सुजाताला वाचवेना. मी वाचून दाखवलं. मावशी स्क्रीनजवळ सरकली.

"हाक मारल्यार येता मां?"

"मावशे, तेका त्रास होता गो..." मी म्हणालो.

"येता मां पण? सुजाता, मार हाक."

सुजाताने रडत रडत 'दादा' लिहिलं. ठिपका पेटला. 'बुडतंय.' विझला.

"परत मार."

'बुडतंय आये.'

"परत!"

शेवटी मी वायर ओढली.

पासवर्ड फक्त माझ्याकडे असताना ते कोणी लिहिलं? रुपेशने नाही, एवढं नक्की. बाकी काही कळलेलं नाही... मावशी मरेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. त्या दिवशी कॅफेच्या पायरीवरून उतरताना म्हणाली तेवढंच – "माजो झील, माजो मंगेश येय होतो. तू तेका बुडवलंस."