मावशींचं "हं"

वॉर्डात तिला सगळे अंगठेमावशी म्हणत. अंथरुणाला खिळलेल्या माणसांची दर दोन तासांनी कूस बदलायची, हे तिचं बावीस वर्षांचं काम. टाचेवर, कमरेवर कुठे लाली दिसली की मावशी अंगठा दाबायच्या. उचलला की तिथे पांढरा ठिपका. मग पुटपुटायच्या, "एक, दोन..." ठिपक्यात रंग परतला की "हं!" म्हणजे कातडीतल्या बारीक नसा रिकाम्या होऊन पुन्हा भरतायत, काळजी नाही. पण दाबूनही लाली ढिम्म हलली नाही, तर आत जखम धरायला लागली.

"आत्ताच वळवलं हो," नातेवाईक सांगायचे.

"तोंडाला विचारू नये, टाचेला विचारावं," मावशींचं उत्तर ठरलेलं. भीडभाड कुणाचीच नाही.

घरी मात्र दिव्याखाली अंधार. सहा महिन्यांपूर्वी नवरा अर्धांगाने आडवा झाला. सुरुवातीला रोज त्याचीही टाच दाबून "हं" व्हायचं. पुढे दमल्या, टाच दाबणं सुटलं. आयुष्यभर बसगाड्या दुरुस्त केलेला माणूस. दिवसा घरी फक्त सून; तिने आपल्याला वळवावं याची त्याला मेल्याहून मेल्यासारखी लाज. सुनेला म्हणायचा, "राहू दे, कामावर जाताना सासूने वळवलंय." आणि संध्याकाळी बायकोला, "सूनबाईने दोनदा वळवलं. तू बस जरा, चहा घे."

दिवसभर तीस देह उलटेपालटे करून आलेल्या बाईला हे ऐकून बरं वाटायचं. ती बसायची. तिने तोंडाला विचारलं, एवढाच तिचा गुन्हा.

सुट्टीच्या दिवशी अंग पुसायला त्याला कुशीवर घेतलं, तर माकडहाडावर बशीएवढी लाली. अंगठा टेकवला, उचलला. लाली तशीच. पुन्हा दाबला, स्वतःचं नख पांढरं पडेपर्यंत. नखाचा रंग गेला आणि परत आला. खालची लाली जागची हलली नाही.

"एक, दोन..." सवयीने तोंडातून निघून गेलं.

भिंतीकडे तोंड करून तो वाट पाहत होता.

"काही नाही हो, घामोळं आहे," त्या म्हणाल्या. बावीस वर्षांत कुठल्याच रोग्याशी त्या असं खोटं बोलल्या नव्हत्या.



"अगं," तो म्हणाला, "'हं' म्हणायचं राहिलं तुझं."