डाव्या सीटवरचा ब्रेक

मी ऑकलंडमध्ये ड्रायव्हिंग शिकवायचं ठरवलं, तेव्हा आमच्या ओळखीतल्या सगळ्यांनी माझ्या नवऱ्याचं सांत्वन केलं.

पुण्यात मी गाड्यांचे सुटे भाग डिझाइन करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होते. इथे प्रत्येक इंटरव्ह्यूत माझं कौतुक व्हायचं आणि शेवटी विचारलं जायचं, "न्यूझीलंडचा अनुभव?" तो नोकरीशिवाय मिळत नाही आणि नोकरी त्याच्याशिवाय मिळत नाही, हे मला समजायला फार वेळ लागला नाही. मधल्या काळात मी नवऱ्याकडून गाडी शिकायचा प्रयत्न केला. हिल्सबरोच्या उतारावर आमचं असं भांडण झालं, की मी गाडीतून उतरून चालत घरी आले. मग एका प्रेमळ गोऱ्या आजींकडे फी भरून शिकले. आजूबाजूला चौकशी केली, तर निम्म्या बायका अशाच उतरून चालत आलेल्या. तिथे मला धंदा दिसला.

परीक्षा देऊन मी इन्स्ट्रक्टर झाले. आता गाडी हवी होती आणि तिच्यात डावीकडे, शिकवणाऱ्याच्या सीटपुढे दुसरा ब्रेक बसवायचा होता, म्हणून बँकेत गेले. तिथल्या मुलीने "किया ओरा" असा माओरी नमस्कार करून हसतमुखाने बसवलं. स्त्रियांनी व्यवसायात यावं यासाठी बँकेची खास योजनाच आहे, असं तिने सांगितलं, आणि मग विचारलं, "तुमचे पार्टनर काय करतात?"

"आयटीत आहेत."

तिचा जीव भांड्यात पडला. पुढच्या वेळी नवराही आला, त्याने सह्या केल्या. त्या मुलीने उठून हात पुढे केला तो त्याच्याकडे. "काँग्रॅच्युलेशन्स ऑन युवर न्यू बिझनेस!" तो बिचारा माझ्याकडे बघत राहिला. त्याला अजूनही पार्किंग नीट जमत नाही.

पहिली विद्यार्थिनी आमच्या महाराष्ट्र मंडळातलीच होती. बॉटनी डाउन्सला राहायची. ठाण्याला असताना तिने पंधरा माणसांचं ऑफिस सांभाळलं होतं. इथे दूध संपलं तरी कोपऱ्यावरच्या डेअरीपलीकडे तिला जाता येत नव्हतं. तिचे मिस्टर मंडळाच्या कमिटीत होते आणि मोठ्या अभिमानाने सांगायचे, "हिला गाडीची गरजच काय? मी नेतो ना जिथे म्हणेल तिथे!" ती कुठे म्हणेल, हेही बहुधा तेच ठरवत.

"शनिवारी सकाळी हे बॅडमिंटनला जातात," तिने फोनवर सांगितलं. "तेव्हा ये. पण ते शिकाऊचं पिवळं एल घरासमोर नको लावूस."

म्हणून आम्ही कोपरा वळेपर्यंत मी चालवायचे, मग थांबून गाडीला एल चिकटवायचे आणि जागा बदलायचो. पन्नाशीला आलेल्या दोन बायका, कॉलेजातल्या मुलींसारख्या चोरून! सुरुवातीला ती स्टिअरिंग असं धरायची, की बोटं पांढरी पडत. राउंडअबाउट आलं की डोळे मिटायची. माझा दुसरा ब्रेक पहिल्याच महिन्यात वसूल झाला. पण ती शिकली. टेस्ट पास झाली तेव्हा तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, "यांना इतक्यात सांगू नकोस."

सांगायची वेळ बॅडमिंटननेच आणली. कोर्टवर त्यांच्या पायाची शीर तुटली. तिला फोन आला, मी तिला घेऊन हॉलवर पोचले, तर ते बाकावर पाय लांब करून बसलेले.

"चावी द्या," ती म्हणाली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, तुम्ही चालवा ना."

"मला माझी गाडी न्यायची आहे, भाऊजी."

ती त्यांच्या गाडीत उजवीकडे जाऊन बसली. मी मागून पाहत होते. एकही चूक नाही. ती नंतर सांगत होती, सगळ्या रस्त्यात त्यांनी दारावरचं हँडल घट्ट धरलं होतं. घराशी गाडी थांबल्यावर फक्त म्हणाले, "इंडिकेटर जरा आधी द्यायला हवा होता."

पाय बरा होईपर्यंत तीच त्यांना ऑफिसला सोडत होती. आणि मंडळात ते सांगत होते, "मीच म्हटलं हिला, शिकून घे. बाईने स्वावलंबी असावं."

तीन वर्षांनी मंडळाने महिला दिन केला. विषय स्त्री सक्षमीकरण. स्टेजवर तीन पुरुष, स्वयंपाकघरात अकरा बायका. मला शाल-श्रीफळ मिळालं. भाऊजींनीच माझी ओळख करून दिली, त्यात माझ्या नवऱ्याची डिग्री, त्याची कंपनी आणि त्याचा दिलदार स्वभाव आला. नवरा मागे खुर्च्या लावत होता, त्याने मान खाली घातली. बोलायला मला दोन मिनिटं दिली होती, कारण जेवण गार होत होतं.

मी म्हटलं, "पुढच्या महिन्यापासून माझ्याकडे दुसरी गाडी येतेय. ती चालवायला आणि शिकवायला परीक्षा पास झालेल्या नवीन इन्स्ट्रक्टर असतील," आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे हात केला. दारात ती उभी होती, हातात कोशिंबिरीचं पातेलं.

भाऊजींनी सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या. मग हात वाजत असतानाच मान वळवून पाहिलं, कोणासाठी वाजवतोय ते.

जेवताना त्यांनी तिला एवढंच विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही म्हणालात ना, स्वावलंबी असावं," ती म्हणाली आणि त्यांना कोशिंबीर वाढली. ते हसले, खरोखरच हसले. तेव्हापासून मला ते जरा आवडायला लागले.

आता बॉटनीकडच्या बायका तिच्याकडे शिकतात. माझ्यापेक्षा तिच्याकडे गर्दी जास्त. कोणी चुकलं की मी ओरडते म्हणे, आणि ती ओरडत नाही.