लाल साखरेची जनी

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत नाचणीची बिस्किटं करणारा एक छोटा कारखाना आहे. जनी तिथे एकोणीस वर्षं कामाला. आधी झाडलोट केली, मग पीठ चाळलं, मग भट्टीवरचे तापलेले ट्रे उचलले. त्यात गुडघे गेले आणि हाती लागलं ते एकच कसब. पण ते असं, की पदवीवाल्यांनीही तिच्यापुढे गप्प बसावं.

झालं काय, की थोरले शेठ गेल्यावर त्यांचा मुलगा अनिल कारखाना बघायला लागला आणि गुळाच्या जागी ब्राऊन शुगर आली. मुंबईच्या गिऱ्हाइकांना म्हणे तीच लागते. बाया तिला लाल साखर म्हणत. आपल्याकडे पावसाळ्यात बरणीतलं मीठसुद्धा पाणी सोडतं, म्हणून शेठने कोठीत एसी बसवला. महिनाभरात त्या कोरड्या गारव्याने साखरेचा चिरा झाला. बांधकामाला चालला असता! बाया वरवंटा घेऊन फोडत बसल्या, तरी बिस्किटांत खडे यायचे ते आलेच.

जनीच्या घरावर तेव्हा नुकतेच पत्रे चढले होते आणि उतरवलेली कौलं मागच्या दारी रचून ठेवलेली होती. तिने एक कौल फोडलं, तुकडे घासून उकळून घेतले, घटकाभर पाण्यात बुडवले, फडक्याने कोरडे पुसले आणि एकेक तुकडा साखरेच्या एकेका डब्यात ठेवून झाकण लावलं. दुसऱ्या सकाळी साखर मऊ, मुठीत दाबली तर मुठीचा आकार धरणारी. तुकडा मात्र सकाळी आठवणीने काढायचा, नाहीतर साखर पाझरायला लागते.

"कोणी शिकवलं गो तुला?" बाया विचारत.

"कोण शिकवतंय? मातीचं कौल पाणी पितं नि हळूहळू सोडतं. डोळे हायत ना तुम्हांला?"

अनिलशेठ इतका खूश झाला, की सगळ्यांसमोर म्हणाला, "जनीबाय, जुने कोठीवाले भिकाजीकाका निवृत्त झाले की कोठी तुमची." कोठी म्हणजे खुर्चीवर बसून काम, आल्यागेल्या मालाची नोंद, गुडघ्यांना आराम. आणि खरं सांगायचं तर मान. जनी सातवी शिकलेली होती, नोंदी तिला जमल्या असत्या. त्या एका वाक्यावर तिने आठ वर्षं ट्रे उचलले.

यंदा मे महिन्यात भिकाजीकाका निवृत्त झाले आणि जूनमध्ये कोठीच्या खुर्चीत वेदिका येऊन बसली. अलोऱ्याच्या सरकारी कॉलनीत वाढलेली, फूड टेक्नॉलॉजी शिकलेली तेवीस वर्षांची मुलगी. शेठला आपलं वाक्य आठवलंच नाही. मालक लोकांना असली वाक्यं आठवत नसतात, ती ऐकणाऱ्याने जपायची असतात. जनीने घरी जाऊन भाताचं पातेलं असं आदळलं, की शेजारीण बघायला आली.

तीन महिने साखरेचं काम जनीच करत राहिली. गणपतीच्या सुट्टीआधीच्या संध्याकाळी शेठ म्हणाला, "जनीबाय, हिला ते कौलाचं जरा दाखवून ठेवा. सगळं एका माणसावर नको."

जरा!

वेदिका मोबाइलवर टिपून घ्यायला लागली. जनीने घासणं सांगितलं, उकळणं सांगितलं, भिजवणं सांगितलं.

"मग डब्यात ठेवायचं," जनी म्हणाली आणि थांबली. श्वास घ्यायला थांबली होती, ठेवण्याआधी पुसायचं आणि सकाळी काढायचं हे सांगणारच होती.

"एवढंच?" वेदिकाने हसून मान वर केली.

त्या मुलीच्या मनात काही वाईट नव्हतं. सोपं आहे याचा तिला आनंद झाला होता, इतकंच. पण जनीला ते फार लागलं. उभ्या जन्मात जे एक स्वतःचं म्हणून मिळालं, ते एवढंच?

"एवढंच," जनी म्हणाली.

पुसायचं सांगितलं नाही, सकाळी काढायचंही सांगितलं नाही. वेदिकाने अठरा डब्यांत निथळते तुकडे ठेवले, एसी बंद केला आणि कारखान्याला कुलूप लागलं. गौरी-गणपतींचं विसर्जन होईपर्यंत कोकणात कोण कामावर येतंय?

जनीच्या घरी गणपती आला, मुंबईहून मुलगा ऋत्विक आला, मोदक झाले. पहिल्या दिवशी तिला बरं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी आरतीत टाळ चुकायला लागले. गौरी आल्या त्या दुपारी तिने मोबाइल हातात घेतला. वेदिकाचा नंबर होता, डबे निम्मे तरी वाचले असते. "कोणाला लावतेस गो आये?" ऋत्विकने विचारलं. "कोणाला नाय," म्हणत तिने मोबाइल कपाटावर ठेवला. लाज वाटत होती आणि रागही जात नव्हता. रागच वरचढ ठरला.

सुट्टीनंतर डबे उघडले तेव्हा खाली काकवीसारखं पाणी, वर बुरशी आणि कोठीभर आंबूस वास. दिवाळीच्या मालाची साखर ती. शेठ वेदिकावर असा कडाडला, की भट्टीवरच्या बाया कामं टाकून दाराशी आल्या. मग तो जनीकडे वळला.

"तुम्ही तुकडे पुसायला सांगितलं होतं ना? सकाळी काढायला?"

सगळे तिच्याकडे बघत होते. वेदिकाही बघत होती, मोबाइलवरची टिपणं वर-खाली करत.

"सांगितलं होतं," जनी म्हणाली.

त्याच दिवशी वेदिकाला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. शेठने तिथल्या तिथे जनीला कोठीत बसायला सांगितलं. खुर्ची चांगली होती, पाठीला टेकायला गादी होती.

वेदिका आपली बॅग घ्यायला कोठीत आली. रडून डोळे सुजले होते. जाताना ती जनीपुढे वाकली.

"मावशी, तुम्ही सांगितलं असणार. माझंच लक्ष नसेल. तुमची एवढ्या वर्षांची विद्या मी वाया घालवली. मला माफ करा."

जनीने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"असू दे गो पोरी," ती म्हणाली, "केलं माफ."