डुकरीण आणि दुर्बीण

आमच्या ह्यांना शिकारी म्हणणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला कोळी म्हणण्यासारखं आहे. पण म्हणतात लोक! इथे परदेशात, प्लेनो शहरातल्या मराठी मंडळींत कुणाकडेही जेवायला जा, पोरंटोरं दिगंबरकाकांभोवती गोळा होतात आणि हे अस्सल नागपुरी ऐटीत पुलावाच्या ताटावर रानडुकरं नाचवतात. त्यातलं एकही डुक्कर आजवर मेलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. मला आणि क्लेटनला.

क्लेटन हा ह्यांच्या ऑफिसातल्या एकाचा मेहुणा. शहरापासून तासाभरावर त्याचं गवताचं रान आहे. रानडुकरांच्या टोळ्या येतात आणि मुसकटानं अख्खं रान उकरून ठेवतात. बिचारा पार मेटाकुटीला आलाय. म्हणून त्यानं ह्यांना रानाच्या कडेचं मचाण दिलं. दर शनिवारी हे थर्मासभर चहा आणि डबाभर चिवडा घेऊन जातात आणि हात हलवत परत येतात. चेहरा मात्र असा, की काशी करून आले.

शेवटी क्लेटननं सांगितलं, "ऑक्टोबर संपेपर्यंत एक तरी डुक्कर पाड, नाहीतर मचाण दुसऱ्याला देतो." झालं! ह्यांचं अन्न तुटलं. आठवडाभर मीटिंगमध्ये 'येस, येस' करणाऱ्या माणसाचा तेवढा एकच शनिवार स्वतःचा होता. तो जाणार म्हटल्यावर हे सोफ्यावर नुसते बसून राहायला लागले.

बेलव्ह्यूला असलेल्या आमच्या लेकीला, सावनीला, ते बघवेना. तिनं डिजिटल दुर्बीण पाठवली. बंदुकीवरच बसवायची, पण आत काच कमी आणि कॉम्प्युटर जास्त. ह्यांची कळी खुलली. "बघ सुवर्णा, अंधारून आलं तरी दिसतं. अंतर हीच मोजते, नेम कुठे धरायचा तेही हीच सांगते. व्हिडिओ काढते, आणि तुला फोनवर लाइव्ह दिसेल!"

"आणि खोड काय?" मी विचारलं. पुण्याची आहे मी, एवढं विचारल्याशिवाय मिक्सरसुद्धा घेत नाही.

खोडी हळूहळू कळल्या. वजनाला वरवंटा. चालू करा, की डोळे चोळत उठायला वेळ. बॅटरी गार वाऱ्यानं मान टाकणार. आणि वरचेवर अपडेट! असले मानपान आमच्या जावयानंही कधी मागितले नाहीत.

मधे खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा असते. स्क्रू-ड्रायव्हर, सुरी, लॅपटॉप आणि यंदा रिकामी करून ठेवलेली बंदूक. मी प्रत्येकाला मनापासून हळदकुंकू लावलं. नव्या दुर्बिणीला तर जरा जास्तच, थेट पुढच्या मोठ्या डोळ्यावर, ओल्या बोटानं. पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, त्यामुळे कुणी नीट पाहिलं नाही. ह्यांनी नंतर ते तसंच पेटीत भरलं.

ऑक्टोबरातल्या शेवटच्या शनिवारी मीही सोबत गेले. हे मचाणावर चढले, मी झाडांमागे गाडीत फोन घेऊन बसले. ऊन कलत होतं. फोनवर चित्र उमटलं आणि अख्खं रान लालभडक! हे लागले बटणं दाबायला. रान हिरवं झालं, मग काळंपांढरं, मग पुन्हा लाल. सेटिंग बिघडलंय अशी ह्यांची समजूत. मला मात्र माझ्या बोटाचा ठसा ओळखू आला. अगं बाई गं! मी मेसेज टाकला, "काचेवर कुंकू आहे. पुसा."

पुसलं. चित्र लख्ख. आता सबबच उरली नाही.

आणि डुकरीण आली. मागे पिल्लांची रांग. नेमाची फुली तिच्या खांद्यावर बसली, बाजूला अंतराचा आकडा आला. "मारा ना!" मी गाडीत एकटीच ओरडले. फुली जराही हलत नव्हती. इतका स्थिर हात! तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ह्यांचा नेम कधी चुकलाच नव्हता. ह्यांनी कधी चापच ओढला नव्हता. डुकरीण पोटभर उकरून आपल्या वाटेनं गेली. मला संताप आला, आणि मेलं त्या माणसाबद्दल भरूनही आलं.

हे खाली उतरले. "ऐन वेळी बॅटरी गेली गं."

मी तोंड उघडणार तेवढ्यात क्लेटनची गाडी आली. "ही कॅमेऱ्याची दुर्बीण ना? दाखव व्हिडिओ." रेकॉर्डिंग बंद करायचं बटण ह्यांना अजून सापडलं नव्हतं, म्हणजे सगळं साठलेलं. त्यानं माझ्या फोनवर ते लावलं. लाइव्ह बघताना नुसतं चित्र होतं. इथे आवाजही निघाला. ह्यांचाच, कुजबुजता, "खाय माय, खाय. लेकरं भुकेली दिसतात. पण आटप लवकर. क्लेटन आला तर तुझीबी सुट्टी अन् माझीबी."

हे पांढरेफटक. ह्यांच्या जुन्या, साध्या काचेच्या दुर्बिणीवर कितीही थापा पचल्या असत्या.

क्लेटननं ते पुन्हा लावलं. "यात माझं नाव आहे. काय म्हणतोय हा?"

तिघांत मराठी येणारी दोनच माणसं, आणि त्यातल्या एकाची वाचा बसलेली. मी म्हटलं, "प्रार्थना करतोय. म्हणतोय, देवा, क्लेटनच्या रानाची फार नासाडी झाली. माझा हात स्थिर ठेव. प्रार्थना लांबली, तोवर डुकरीण निघून गेली."

क्लेटननं टोपी काढली. "माझ्या रानासाठी आजवर कुणी प्रार्थना केली नव्हती," तो म्हणाला. "मचाण तुझंच. ये पुढच्या शनिवारी."

परतताना हायवे लागला. मग हे म्हणाले, "थँक्यू हं."

"थँक्यू राहू दे. त्या भल्या माणसाशी मी खोटं बोललेय आणि त्याचं रान खरंच उकरलं जातंय. बंदूक चालवायच्या क्लासला नाव घालतेय मी. तुम्ही चहा-चिवडा सांभाळा, डुक्कर मी पाडते."

ह्यांनी गाडीचा वेगच कमी केला. "अन्... दुर्बीण? ही डिजिटल घेशील ना?"

"छे! जुनी काचेची. मी चाप ओढला नाही, तर ते कुणाला कळायला नको."