उजवीकडे बसा, गुरुजी

मंडळी, आज सकाळी सेलूहून वर्ध्याला निघालो, तर जीपवाला दिनू म्हणाला, "गुरुजी, तुम्ही वजनदार मानूस. उजवीकडं बसा जी."

संस्कृतच्या मास्तराला हल्ली वजनदार कोण म्हणतं? मी खूश होऊन बसलो. आमच्या गल्लीतल्या काटकुळ्या इंदूबाईंना त्याने डावीकडे, मागच्या दाराशी बसवलं.

"मले काऊन इकडं?"

"तुमाले वजन कुठं हाय, मावशी!"

सगळे हसले. मीही हसलो.

पवनारच्या अलीकडे खड्डा लागला आणि धाडकन आवाज झाला. मागच्या डाव्या चाकावरचा कमानपाटा, म्हणजे गाडीचं वजन पेलणारी पोलादी पट्टी, तुटला, जीप कलंडली, दार उघडलं आणि इंदूबाई रस्त्यावर फेकल्या गेल्या.

वाकून पाहिलं. तुटलेल्या पाट्याला आधीपासूनच नायलॉनची दोरी गुंडाळलेली होती.

दिनू रडत होता. "या पाट्याची दोनदा तक्रार केली, गुरुजी. जीपच्या कंपनीवाले म्हनते, तुम्हीच जास्त मानसं भरता. म्हनून डाव्या अंगाले हलकी मानसं बसवत होतो."

इंदूबाई अजून शुद्धीवर आलेल्या नाहीत. दवाखान्याच्या बाकावरून हे लिहितो आहे.

कारणाशिवाय कार्य घडत नाही, हे मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवत आलो. आज जीपमध्ये कारण विचारलं ते एकट्या इंदूबाईंनी. तुम्ही जीपमध्ये असता, तर हसला नसता ना?